वानखेड्यांच्या डोक्यावरचा चौकोन

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वानखेड्यांच्या टकलावर एक चौकोन आहे. एक इंच लांब, एक इंच रुंद, काळ्या मार्करने आखलेला. धायरीतल्या आमच्या सोसायटीत तो सगळ्यांनी पाहिला आहे आणि त्याबद्दल थेट कोणीही विचारलेलं नाही. फक्त सेक्रेटरींनी एकदा लिफ्टमध्ये, "पार्किंग आखून घेतलंत वाटतं?" एवढी चौकशी केली होती. वानखेडे शांतपणे म्हणाले, "हो जी. नऊ गाड्या लागल्या आहेत. बाकी जागा रिकामी आहे."

नऊ म्हणजे केस. हे मला माहीत, कारण मोजणारा मी. दर रविवारी सकाळी आठ वाजता वर जायचं, जुन्या एक्स-रेतून कापलेला साचा त्यांच्या डोक्यावर ठेवून रेघा पुन्हा ठळक करायच्या, भिंग घ्यायचं आणि चौकोनातले केस मोजायचे. स्वतःचं टक्कल स्वतःला दिसत नाही, म्हणून त्यांना माणूस हवा होता. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. "आकडा म्हटला की तुमच्याइतका भरवशाचा माणूस या बिल्डिंगीत नाही, सर," असं म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. इतक्या मानाचं आणि इतकं निरुपयोगी काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

वानखेडे मूळचे अमरावतीकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी गाड्यांचे प्लॅस्टिकचे बंपर रंगवण्यात तीस वर्षं काढली. प्लॅस्टिकवर रंग धरत नाही. म्हणून आधी त्यावरून प्लाझ्मा फिरवतात. हा रक्तातला प्लाझ्मा नव्हे. सोसायटीत बऱ्याच जणांचा तो घोटाळा झाला होता. हवेतून वीज सोडली की ती जांभळी उजळते, तो हा. वानखेड्यांचा त्याच्यावर फार जीव. "पृष्ठभाग झोपलेला असतो, सर. आधी त्याला जागं करायचं. मग काहीही धरते." हे वाक्य ते कुठेही वापरत. पाण्याच्या टाकीचा विषय मीटिंगमध्ये कोणी मनावर घेतला नाही, तर, "पृष्ठभागच झोपून राहिला ना जी, काय धरणार?"

अशा माणसाला निवृत्तीनंतर कळलं की थंड प्लाझ्मा डोक्यावर फिरवून केस उगवतात का, हे शहरातला एक डॉक्टर करून पाहतो आहे. मग काय! दर गुरुवारी वानखेडे तिथे जाऊन खुर्चीत बसू लागले. अर्धा तास टकलावर जांभळा उजेड. "दुखत नाही?" मी विचारलं. "नाही जी. झुळूक लागल्यासारखं वाटते." डॉक्टरने गॅरंटी दिली नव्हती. ती वानखेड्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती.

इतरांच्या घरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात. वानखेड्यांकडे रविवारच्या चौकटीत माझा आकडा. पहिल्या रविवारी नऊ. दुसऱ्या रविवारी नऊ. तिसऱ्या रविवारीही नऊ. चौथ्या रविवारी मी भिंगातून पाहत होतो, तेव्हा ते इतके ताठ बसले होते की त्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. बासष्ट वर्षांचा माणूस, आणि निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा बसलेला. तेहतीस गुणांवर अडकलेल्या पोराला मी उभ्या नोकरीत कधी नापास केलं नाही. दोन गुण कुठून तरी शोधून काढायचोच.

"दहा," मी म्हणालो.

ते गर्रकन वळले. "नक्की?"

"नक्की. बारीक आहे, पण आहे."

त्या दिवशी मला चहाबरोबर खारी मिळाली. पण एकदा वाढवलेला केस उपटता येत नाही. पुढच्या रविवारी अकरा, मग बारा. एखाद्या रविवारी मी मन घट्ट करून आकडा होता तिथेच ठेवत असे, पण मग त्यांचा चेहरा बघवत नसे. आमची सौ. म्हणाली, "अहो, उद्या त्यांनी कंगवा आणला म्हणजे?" मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा छंद आहे, कोणाचं काय बिघडतं?

चार महिन्यांनी, एका रविवारी, मी वीस सांगितले.

वानखेड्यांनी कॅलेंडरवर वीस लिहिले, त्याभोवती लाल गोल काढला आणि खुर्चीत मट्कन बसले. डोळे भरून आले होते. "काम झालं, सर. येत्या गुरुवारी पल्लूला घेऊन जातो."

पल्लू म्हणजे पल्लवी, त्यांची मुलगी. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. पल्लवी हिंजवडीच्या एका कंपनीत आहे, पण काम घरूनच करते. तिला कशाला न्यायचं, हे मला कळेना.

"तिला चाई लागली, सर. दोन वर्षं झाली. आधी रुपयाएवढा डाग होता. मग डोक्यावरचे सगळेच केस गेले. तुम्ही पाहिलं नाही?"

मी पाहिलं नव्हतं. पुण्यात डोक्याला स्कार्फ गुंडाळलेल्या मुलीकडे कोण बघतो? स्कूटरवर सगळ्याच गुंडाळतात. ही मुलगी कचरा द्यायला दारात यायची तेव्हाही स्कार्फ असायचा, लिफ्टमध्ये असायचा, संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली तेव्हाही होता. मी दोन वर्षं "काय गं, कुठे निघालीस?" असं विचारत होतो आणि ती कुठेही निघालेली नसायची. माझी मलाच लाज वाटली.

वानखेडे सांगत होते. डोक्यात इंजेक्शनं झाली, मलमं झाली, आणि आशा धरून धरून पोर थकली. डॉक्टरने हा नवा उपाय सुचवला तेव्हा तिने बापाला म्हटलं, "आधी तुमच्या टकलावर वीस केस उगवून दाखवा. मग येते." विषय मिटावा म्हणून म्हणाली असणार. वानखेडे त्याच संध्याकाळी मार्कर घेऊन आले.

"पण तुमचं टक्कल आणि तिची चाई एकच का?" मी विचारलं.

"नाही ना जी. डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं, तुमच्या डोक्यावरून तिच्या डोक्याचं काही कळणार नाही. पण तिनं वीस म्हटले होते ना, सर."

मी घरी आलो. सौ.ला सगळं सांगितलं. तिने हातातली पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग अजून इथे काय करताय?"

दोन जिने चढायला मला त्या दिवशी फार वेळ लागला. वानखेड्यांनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं. "नऊच आहेत. पहिल्या दिवशी होते तेवढेच. बाकीचे मी वाढवले."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हात वर नेऊन चौकोनावर ठेवला. "एकही नाही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग गुरुवारचं राहू द्या. खोट्यावर पोरीला नेणार नाही." आणि लाल गोल खोडायला कॅलेंडरकडे वळले.

"बाबा, असू दे तो." पल्लवी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मला माहीत आहे नऊ आहेत ते. दुपारी तुम्ही तोंडावर पेपर घेऊन झोपता ना, तेव्हा मोजते मी. कंपनीत टेस्टिंगच करते. दुसऱ्याचा आकडा मी तपासल्याशिवाय घेत नाही."

"मग मघाशी मी वीस सांगितले तेव्हा हो काहून म्हटलं?"

ती म्हणाली, "माझे येतील की नाही मला माहीत नाही, बाबा. पण तुम्ही अजून किती गुरुवार एकटे जाणार?"

वानखेड्यांनी लाल गोल तसाच राहू दिला.

पल्लवी स्टुलावर येऊन बसली आणि माझ्याकडे पाठ करून तिने स्कार्फ सोडला. घरात कोणाचा तरी श्वास मोठ्याने ऐकू आला. तो माझाच असावा. "काका, गुरुवारी जायचं तर सुरुवातीचा आकडा लागेल. मोजा. मार्कर नको, नुसता साचा ठेवा."

मी साचा ठेवला. भिंग धरलं. एवढ्या वर्षांत मी इतक्या काळजीने काहीच तपासलं नव्हतं. उजेडाकडे वळायला सांगून पुन्हा पाहिलं. एखादा लवेएवढा केस तरी सापडावा, असं मनापासून वाटत होतं, आणि सापडत नव्हता.

"शून्य," मी म्हणालो.

"थँक यू, काका," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता. "बाबा, लिहा."

वानखेडे आमच्याकडे पाठ करून कॅलेंडरसमोर उभे होते. पेन कागदाला टेकलेलं दिसत होतं.

"लिहिलं का?" पल्लवीने विचारलं.

"लिहून राहिलो," ते म्हणाले. "पेन चालत नाही हे."

मी जवळ गेलो. पेनाचं टोपण काढलेलंच नव्हतं. खिशातलं माझं पेन उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं.