पांढऱ्यावर पांढरी कोंबडी

"हिमकोंबडी? अगं ताई, मी तिचा शेजारी! उद्या तुला दाखवली नाही, तर नावाचा फ्लुरिन नाही!"

थोरली बहीण बार्बला सामान बांधत होती. परवा तिचा मुलगा तिला कायमची झुरिकला नेणार होता. गुडघे गेले होते, घर विकलं होतं. सगळा जन्म डोंगरात काढला, पण थंडीत पांढरीशुभ्र होणारी ती कोंबडी तेवढी पाहायची राहिली, एवढीच तिची खंत. खरं सांगायचं तर फ्लुरिननेही ती कधी पाहिली नव्हती. पण धाकट्या भावाने अशा वेळी दुसरं काय बोलावं?

सकाळी आभाळ शिशासारखं जड होतं. दोघं तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर जाऊन उतरली. दुपारपर्यंत कावळासुद्धा दिसला नाही. एकदा फ्लुरिन किंचाळला, "ती बघ!"

ती कुणाची तरी पडलेली टोपी निघाली.

"शेजारीण ओळखता येईना होय रे?" बार्बला म्हणाली.

एवढ्यात त्याला बर्फावर ताज्या पाऊलखुणा दिसल्या. "शू! पालथी पड! हलू नकोस!"

दोघं बर्फात मगरीसारखी पसरली.

"नाक गळतंय रे."

"गळू दे!"

"समोरच्या उतारावरून कुणीतरी हात हलवतंय."

"हलवू दे! तू हललीस तर कोंबडी उडेल!"

दोघं मुडद्यासारखी निपचित. थोड्या वेळाने दरीतून घरघर ऐकू आली.

"हेलिकॉप्टर! कुणीतरी गेलं वाटतं बिचारं," बार्बला हळहळली.

"हिवाळाच आहे. जातात माणसं," फ्लुरिन गंभीरपणे म्हणाला.

हेलिकॉप्टर थेट त्यांच्याच डोक्यावर आलं! बर्फाचं वादळ उठलं. फ्लुरिनने टोपी धरून तोंड बर्फात खुपसलं. नेमका त्याच क्षणी दोन हात अंतरावरचा बर्फ फुटला आणि आत दडलेला हिमकोंबड्यांचा अख्खा थवा घशात घरघरत उडाला!

"आजोबा, श्वास घेता येतोय ना?" दोराने उतरलेल्या बचाव पथकाच्या जवानाने विचारलं.

"तुम्ही येईपर्यंत येत होता!"

पण बार्बलाचे गुडघे आखडून लाकूड झाले होते. दोघांना चंदेरी कागदात भाजायच्या बटाट्यांसारखं गुंडाळून आत घातलं. कित्येक आठवड्यांनी ती हसत होती.

"पाहिल्या मी! अगदी नाकासमोरून!"

"कशा होत्या गं?" फ्लुरिनने अधीरपणे विचारलं.

तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. "पांढऱ्या."

"बस्स?"

"अरे, चष्मा बर्फाने भरला होता!"

हेलिकॉप्टर गावाकडे वळलं. बार्बलाने विचारलं, "फ्लुरिन, माझं घर दिसतंय का रे खाली?"

त्याने वाकून पाहिलं. खिडक्या लावलेल्या, धुराड्यातून धूर नाही.

"नाही गं," तो म्हणाला, "ढग आलेत आडवे."

आणि तिच्या अंगावरचा कागद उगाचच नीट करू लागला.