डाग सरकला

दुधराम गुरुजींना कोणी विचारलं असतं, की बाबा, तुला जगात नेमकं काय कळतं, तर त्यांनी मान ताठ करून सांगितलं असतं, "भूकंप!" पण विचारायला कोणी येत नसे. म्हणून ते आपण होऊनच सांगत फिरायचे.

गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, मधे शाळा, आणि शाळेत दुधराम टेंभरे गुरुजी. आधी बिहारात भूकंप झाला, मग क्वेट्टा जमीनदोस्त झालं, आणि तेव्हापासून या माणसाला अन्न गोड लागेना. तिरोड्याच्या स्टेशनावरून शिळं वर्तमानपत्र यायचं, ते वाचून वाचून त्यांनी एक सिद्धांत काढला. सूर्याला डाग पडतो. डागातून भडका उडतो. त्या भडक्याची झळ पृथ्वीच्या पोटाला लागते. मग जिथं ज्वालामुखी असतो तिथली जमीन ओकते, आणि जिथं नसतो तिथली हादरते.

"साधी गोष्ट आहे!" गुरुजी म्हणत. "पोट बिघडलं की एक तर वांती, नाही तर कळ!"

"पण गुरुजी, बिहारच्या वेळी तं सूर्य साफ होता म्हणता ना तुम्ही?" एकदा कोणीतरी विचारलं.

"साफ होता म्हणूनच झाला! आतल्या आत दाबून धरलं होतं त्यानं!"

त्यानंतर गावात कोणी शंका काढली नाही.

गुरुजींची वेधशाळा घरामागच्या बाडीत, गुरांच्या कोठ्याच्या मातीच्या भिंतीला लागून होती. वेधशाळा म्हणजे एक परात. परातीत पाणी भरायचं, त्यात सूर्य उतरला की दिव्यावर काजळून घेतलेली काच डोळ्याला लावायची आणि खाली वाकून बघत बसायचं. भूकंपासाठी घरात फळीवर पितळी गडव्यांची उतरंड रचलेली होती, ती पडली की भूकंप! ज्वालामुखी मात्र त्या भागात मिळत नसल्यामुळे वर्तमानपत्रावर भागवावं लागे.

अडतीस सालच्या जानेवारीत एके दिवशी दुपारी गुरुजी परातीवर वाकले होते, ते एकदम ओरडले, "दिसला! डाग दिसला!"

शेण भरत असलेला मंगरू हातातली टोपली टाकून धावत आला. मंगरू म्हणजे गुरुजींचा नांगऱ्या, शेतावरचा गडी.

"डाग? केवढा आहे जी?"

"केवढा? अरे, अख्खी पृथ्वी त्याच्यापुढे काहीच नाही!"

मंगरूनं परातीखालच्या जमिनीकडे बघितलं, मग गुरुजींच्या काजळ लागलेल्या डोळ्याकडे बघितलं.

"कोणाला सांगू नकोस," गुरुजी म्हणाले. "अजून नक्की व्हायचं आहे."

"नाई जी. मी कायले सांगू?"

संध्याकाळपर्यंत गावातल्या शेळ्यांनासुद्धा कळलं होतं.

आता इथं थोडं सांगायला हवं. धोतरावर पडतो तो डाग, हे आमच्याकडेही खरंच. पण डाग म्हणजे दागिनाही. बाई लग्नाला निघाली की शेजारीण विचारते, "कोणकोणते डाग घातले वं?" त्यात दुधराम गुरुजी पायाळू! आईच्या पोटातून आधी पाय, मग डोकं. पायाळू माणसाच्या डोळ्यात काजळ घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, हे कोणाला माहीत नाही? आणि हे गुरुजी तर रोज काजळाची काच लावून, खाली मान घालून, एकाच जागी बघत बसलेले! गावाला इतके दिवस ते त्यांचं वेड वाटत होतं. आता गावाला ते आपलंच वेड वाटू लागलं.

बातमी तिरोड्याकडे बकाराम बिसेनांच्या कानावर गेली. गुरुजींच्या मुलीचं, धनवंताचं, लग्न अडकलं होतं ते या बकारामांपाशीच. त्यांचा मुलगा घनश्याम रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होता. मंडईच्या जत्रेत धनवंतानं त्याला बघितलं होतं, त्यानं तिला बघितलं होतं, आणि दोघांचंही बघून पुरं झालेलं नव्हतं. पण बकाराम काही होकार देईनात. "इवाई भुईकंपाच्या नादी लागला म्हणतात. पोरीच्या डोक्यात तसं काई नाई ना?" असं त्यांनी आपल्या होणाऱ्या व्याह्याबद्दल चारचौघांत विचारलं होतं. धनवंता त्या दिवशी जेवली नाही. तिची आई तुलसाबाई मात्र नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अजी, पोरीची सोयरीक होईपर्यंत तुमच्या तोंडून भुईकंप निघाला ना, तं ते परात मी नहरात फेकून देईन! परातीच्या मागून तुमाले!"

गुरुजींनी शपथ घेतली. पोरीवर त्यांचा फार जीव होता.

आणि डाग दिसल्याच्या तिसऱ्या दिवशी, बोलावणं नसताना, बकारामांची बैलांची दमणी दारात उभी राहिली! बकाराम उतरले ते घरात न शिरता थेट बाडीत.

"गुरुजी, डाग दिसला म्हणतात?"

गुरुजींनी चोरून घराकडे बघितलं. शपथ भूकंपाची होती, डागाची नव्हती.

"दिसला. पण एकटा नाही. जोडी आहे! आणि भोवती बारीक बारीक कितीतरी."

"जोडी!" बकाराम पुटपुटले. "पाटल्या असतीन. अन् बारीक म्हंजे मणी." मग मोठ्यानं, "रंग कसा आहे जी?"

"काळा."

"पडनच ना काळा, इतक्या वर्षांचा! घासला का निघते."

गुरुजींना हे कळलं नाही. पण इतक्या आस्थेनं विचारणारा माणूस त्यांना जन्मात भेटला नव्हता. ते रंगात आले.

"आणि त्याच्यावर भडके उडतात! हे एवढाले! मी म्हणतो, तिथं कोणी हात घातला तर जळून राख होईल!"

"आयकलं आहे," बकाराम गंभीरपणे म्हणाले. "जाळ दिसते त्या जागी. आमचा आजा सांगत होता."

"तुमच्या आजोबांनी बघितले होते?" गुरुजींनी बकारामांचा हात धरला. विज्ञानाचं घराणं आणि आपण त्यांना नावं ठेवत होतो! "बिसेन, अडचण एकच आहे. डाग सरकतो आहे."

"सरकून राहिला?" बकाराम उडालेच. पुरलेलं धन जागा बदलतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "कोण्या बाजूनं?"

"हा असा." गुरुजींनी परातीवरून कोठ्याच्या भिंतीकडे हात नेला. "काल तिथं होता, आज इथं. परवा अगदी कडेला जाईल, आणि मग पलीकडे. पलीकडे गेला की आपल्या हातात काही नाही!"

कोठ्यापलीकडे शेजाऱ्याची बाडी होती. बकारामांच्या कपाळावर थंडीत घाम आला.

"मंग आपण फलदान परवाच करून टाकू!"

"परवा?" गुरुजी चपापले. डाग कडेला गेला की जमीन हादरणार, हा तर त्यांचा सिद्धांतच होता. त्याच दिवशी सोयरीक पक्की करायची? घरात शंभर माणसं असताना? पण दाराआड तुलसाबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे धनवंता. पोरीच्या तोंडावर जे हसू होतं ते गुरुजींनी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

"परवा," गुरुजी म्हणाले. आणि मनातल्या मनात त्यांनी सूर्याला हात जोडले.

फलदानाच्या दिवशी अंगणात पंगत बसली. सुवाऱ्या तळल्या जात होत्या, उडदाचे वडे पानावर पडत होते, आणि डफडेवाले असे वाजवत होते की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. डफडी बकारामांनीच आणली होती, आणि थांबायचं नाही म्हणून त्यांना ताकीद होती. पाहुणे म्हणाले, काय हौशी माणूस आहे!

गुरुजी वाढत होते, पण लक्ष सगळं फळीवरच्या गडव्यांकडे. बकाराम दोन वडे खाऊन उठले.

"इवाई, पोट जरा गडबड करून राहिलं. मी मागं जाऊन येतो." आणि गडवा घेऊन गेले ते आलेच नाहीत.

बाडीत सकाळपासूनच बकारामांचे दोन गडी आणि मंगरू सबली घेऊन खणायला लागले होते. परात होती तिथं काही मिळालं नाही. मग डाग सरकला त्या दिशेनं खणत खणत ते भिंतीच्या पायथ्याशी आले. बकाराम आले, खड्ड्यात उतरले आणि म्हणाले, "आणखी आत! भिंतीच्या खाली घुसला असन!"

भिंत मातीची, तीही गुरुजींच्या वडिलांच्या काळातली. तिनं बराच वेळ सहन केलं.

धडाड!

घर हाललं. फळीवरची उतरंड खणखणत खाली आली. कोठ्यातली म्हैस दावं तोडून बाडीत पळाली. डफडी थांबली. आणि हातातली वड्यांची टोपली आकाशात भिरकावून गुरुजी कडाडले, "भूकंप! आला! सांगितलं होतं! पळा रे, मोकळ्यात पळा!"

पंगत उठली ती उष्ट्या हातांनी गल्लीत. म्हातारे पळाले, डफडेवाले पळाले, घनश्याम आपल्या आजीला पाठीवर घेऊन पळाला. गुरुजी एकटे ओसरीवर नाचत होते. त्यांच्या डोळ्यांतून आनंदाचे अश्रू वाहत होते, आणि कोपऱ्यात तुलसाबाईंच्या डोळ्यांतून दुसऱ्या प्रकारचे.

"आता नागपूरला तार करतो!" गुरुजी म्हणाले. "कलकत्त्याला करतो!"

तेवढ्यात म्हैस बघायला मागं गेलेल्या धनवंताची हाक आली.

"बाबूजी! जरा मागं या! भुईकंप मामाजीच्या कमरेपर्यंत आहे!"

नवरा-बायको धावले. भिंतीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. खड्ड्यात बकाराम कमरेइतके मातीत उभे होते, फेटा डोळ्यांवर, हातात सबल. मंगरू आणि गडी कधीच पळाले होते.

"इवाई," बकाराम तोंडातली माती थुंकत म्हणाले, "डाग कुठं आहे?"

गुरुजींनी बोट वर केलं. बकारामांनी वर बघितलं.

"तो तं सूर्य आहे!"

"मग मी दुसरं काय म्हणत होतो? सूर्यावरचा डाग! काळा डाग!"

म्हैस मुळ्याचा वाफा खात होती. मग बकारामांचा पारा चढला.

"म्हंजे तुम्ही मले बनवलं? मी इथं सोनं... मी... मोडलं! फलदान मोडलं! अशा पागल घरची पोरगी मले नको!"

धनवंताचं तोंड उतरलं. तुलसाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि खड्ड्याच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या.

"मोडा ना! खुशाल मोडा! पण सारा गोतावळा गल्लीत उभा आहे. त्यायले सांगा, का फलदानाच्या दिवशी इवायाच्या बाडीत सबल घेऊन काय करून राहिले होते. सांगता? का मी सांगू?"

बकारामांनी सबलीकडे बघितलं, ती हळूच मातीवर ठेवली.

"नाई तं काय सांगता?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच ठरवा. भुईकंप का सबल?"

"भुईकंपच सांगा, बाई."

"मुळीच नाही!" गुरुजी उसळले. "हा भूकंप नाही! भिंत पडली आहे! शास्त्रात खोटं चालत नाही! पुढे खरा झाला तर कोण विश्वास..."

आणि त्यांची नजर धनवंतावर गेली. ती त्यांच्याकडेच बघत होती.

गुरुजी गल्लीत आले. सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. जे वाक्य छातीवर हात मारून म्हणण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं डोळे जाळून घेतले, ते त्यांनी जमिनीकडे बघत पुटपुटलं.

"भूकंपच होता."

"गुरुजीनं आधीच सांगितलं होतं!" गर्दीतून कोणी ओरडलं, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. सगळ्यात मोठा साक्षीदार बकाराम! अंगावरची माती न झटकता ते ज्याला त्याला सांगत होते, "मी खुद पडलो ना बाप्पा! भुई फाटली अन् मी आत!" त्यांच्या सांगण्यात ती जमीन दिवसेंदिवस जास्त फाटत गेली. तिरोड्यात, गोंदियात गुरुजींचं नाव झालं. लांबलांबची माणसं दर्शनाला येऊ लागली. एकानं तर विनवणी केली, की जुनं घर पाडायचं आहे, मजूर मिळत नाहीत, एक लहानसा पाठवून द्याल का? गुरुजी कसनुसं हसत आणि आत जाऊन पडत. सगळ्या जिल्ह्यात त्या भूकंपावर ज्याचा विश्वास नव्हता असा तो एकच माणूस उरला होता.

लग्न मात्र झोकात झालं. धनवंता सासरी गेली, आणि गुरुजींनी परात तुलसाबाईंना कणीक मळायला देऊन टाकली.

होळी तोंडावर आली होती. सकाळी नीट उजाडलंही नव्हतं, तोच खाट हालली. आढ्यातून माती गळली, खुंटीवरचा कंदील डोलायला लागला, कुत्री एका सुरात ओरडली. तिकडे सातपुड्यात खराखुरा भूकंप झाला होता, आणि त्याचा हादरा इथवर आला होता.

"अजी, उठा!" तुलसाबाई किंचाळल्या. "भुई हालून राहिली! तुमचा आला! खरोखरचा आला!"

गुरुजींनी डोळे न उघडता गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

"निजा," ते म्हणाले. "इवाई आले असतील."