मदनशेठची परखी

आमचे मदनशेठ शेअर बाजाराचा तळ परखीने शोधतात. परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतलं धान्य बाहेर काढायची लोखंडी नळी. जुन्या जालन्यात त्यांचं धान्याचं दुकान आहे. सकाळी पेपर वाचून झाला, की ते समोरच्या ज्वारीच्या पोत्यात परखी खुपसतात, एक दाणा दाताखाली फोडतात आणि निकाल देतात, "न्हाई. अजून तळ न्हाई."

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. ज्वारीचा आणि मुंबईच्या बाजाराचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. "सर, त्या बाजाराचा कशाशीच संबंध न्हाई. मंग ज्वारीनंच काय घोडं मारलं?"

व्याजदर वाढले, की शेठ म्हणायचे, "आता पडंल." कमी झाले, की म्हणायचे, "बँकच घाबरून राह्यली. मंदी बराबर येणार." दर जागच्या जागी राहिले, की त्यांना जास्तच काळजी. "बिलकुल हलंना. कायतरी दाबून ठेवलंय."

रोज सकाळी नऊला पुण्याहून त्यांच्या मुलाचा, नितीनचा फोन यायचा. "बाबूजी, आता घ्या." शेठचं ठरलेलं उत्तर, "हा तळ खोटा हाय. खरा पुढंच हाय. उद्या बघू."

आणि मी मूर्ख! निवृत्तीचे पैसे घेऊन शेठच्या खऱ्या तळाची वाट बघत बसलो. बाजार वर वर गेला आणि मी दुकानात ज्वारी चावत राहिलो. बायको म्हणाली, "ज्वारीच खायची होती, तर घरात भाकरी होती की."

परवा शेठचा चष्मा फुटला. विजेचं बिल समजून त्यांनी भलताच कागद माझ्याकडे वाचायला दिला. तो शेअर खरेदीचा कागद होता. वाचून माझं डोकंच फिरलं. ज्या आठवड्यात बाजार सगळ्यात खाली होता, नेमक्या त्याच आठवड्यात शेठनी शेअर घेतले होते.

"शेठ, आठ महिने झाले तुम्ही घेऊन! आणि मला रोज ज्वारी चारताय?"

शेठ मान खाली घालून परखी पुसत बसले. "तुमचा गुन्हेगार हाय मी, सर. पण तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही नितीनजवळ बोलून गेले असते. घेतलं म्हणलं, की तो उद्यापासून फोन कशाला करील? त्याची आई गेली तवापासून आमच्यात दुसरं बोलणंच न्हाई. 'जेवलात का' विचारतो, मंग गप. बाजारावर मात्र पंधरा मिनिटं भांडतो."

राग होताच, पण तो आता काढायचा कुणावर? तेवढ्यात फोन वाजला. मी तिथे आहे कळताच नितीनने मलाच मागितलं.

"सर, बाजार कुठल्या कुठं गेला. तुम्ही तरी बाबूजींना सांगा, तळ येऊन गेला म्हणून."

शेठ माझ्याकडे बघत होते. मी परखी उचलली, पोत्यात खुपसली आणि एक दाणा चावला.

"कुठला आलाय? अजून तळ न्हाई," मी म्हणालो. "उद्या फोन कर, मंग बघू."