कृपया हो किंवा नाही कळवावे

खोक्यांच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरना चार दिवसांची रजा हवी होती. सोमवारी बायकोच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि अशा वेळी नवऱ्याने उशाशी बसायचं असतं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. महिनाभर ते घरी लॅपटॉप उघडून मॅनेजरबाईंना मेल लिहीत होते. पहिल्या मेलमध्ये तर त्यांनी डोळ्याची रचनाही समजावून सांगितली. असे सहा मेल गेले, उत्तर एकाचंही आलं नाही.

शेवटी ते भाचीला शरण गेले. ती मोठ्या कंपनीत होती आणि तिच्या मेलना म्हणे लोक लिफ्टमधून उत्तरं देत.

"मामा, एवढं रामायण कोण वाचणार? बिझी माणूस पहिल्या दोन ओळी बघतो. एकच प्रश्न विचारा. हो-नाहीत उत्तर देता आलं पाहिजे. आणि कधीपर्यंत हवंय तेही सांगा."

मामांनी काळजावर दगड ठेवून डोळ्याची रचना वगळली. 'सोमवारी पत्नीचे डोळ्याचे ऑपरेशन आहे. मला गुरुवारपर्यंत रजा द्यावी का? आज चारपर्यंत कृपया हो किंवा नाही कळवावे.' मेल मात्र त्यांनी 'सर्व कर्मचारी' या पत्त्यावर पाठवला. बाईंना एकटं सातव्यांदा गाठणं आगाऊपणाचं दिसलं असतं, आणि सर्वांमध्ये बाई येतातच.

मेल फारच चांगला उतरला होता. दहा मिनिटांत एकवीस उत्तरं आली. छपाई विभागाने एकमुखाने हो म्हटलं. पॅकिंगवाल्यांनी चर्चा करून हो म्हटलं. वॉचमनने 'हो, पण किल्ल्या कोणाकडे?' असं विचारलं. तीनपर्यंत चौसष्ट हो झाले आणि बाई गप्पच होत्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी पहिला नकार आला. तो कारखान्याच्याच रिसेप्शनवरून, म्हणजे तिथे बसणाऱ्या खुद्द बायकोकडून आला होता.

'नाही. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याच्या वेळी हे चक्कर येऊन पडले. माझी खाट यांना दिली, मी बाकावर बसले. यंदा सोबत बहीण आहे.'

मिनिटभरात त्याखाली बाईंचं उत्तर झळकलं : 'रजा नामंजूर.'

स्टोअरकीपर तडक रिसेप्शनवर गेले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

"अगं, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांना तुम्हीच विचारलंत."

"मला घरी सांगायचंस की!"

"महिनाभर रोज सांगतेय. तुम्ही म्हणता, थांब जरा, तुझ्या ऑपरेशनचा मेल लिहितोय."

स्टोअरकीपर काउंटरला धरून उभे राहिले. बायकोने वाजणारा फोन तसाच वाजू दिला.

"सोमवारी साडेपाचला सुटता ना? सहाला दवाखान्यात या," ती हळूच म्हणाली. "तोवर पट्टी बांधून झालेली असेल. मग बसा हात धरून, हवं तेवढा वेळ. त्याला कोणाची परवानगी लागत नाही."