लग्नाच्या मापाचे फुगे

बायको हिल्डा वारल्यापासून प्लासिडच्या वटार गावातल्या घरात गॅस फक्त चहापुरता पेटायचा. जेवणाचा डबा बाहेरून यायचा. मुलगी एलिसा कॉलेजात होती, धाकटा जेन्सन बारावीत. पोरांनी स्वयंपाकाचं नाव काढलं की प्लासिड म्हणायचा, "हात भाजून घ्याल. मग मी कुणाकुणाकडे बघू?"

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तो बागायतदारांच्या मीटिंगला गेला आणि पोरांनी फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, करायला घेतले. चांगले झाले तर डॅडी स्वयंपाक करू देतील, अशी एलिसाला आशा होती.

"मैदा किती घ्यायचा?"

"मामाच्या जीनाच्या लग्नात अख्खी गोणी होती," जेन्सन म्हणाला.

"आपण तिघंच आहोत रे!"

"मग अर्धी. कमी घेतला तर फुगत नसतील."

दोघांनी फुगे फक्त लग्नघरीच होताना पाहिले होते. दुकानातून आणलेल्या मैद्याचं ताडी घातलेलं पीठ फुगून टोपातून परातीत आलं, परातीतून ओट्यावर. मग तळण्यावाचून इलाज नव्हता. वास कुंपणापलीकडे गेला आणि शेजारची रोझलिन दारात आली.

"कुणाचं ठरलं गं?"

"कुणाचंच नाही, आंटी."

"लपव, लपव!" एलिसा शिकत होती, जेन्सनला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. मग घरात लग्नाचं उरलं कोण, हा हिशोब करत रोझलिन लगबगीने निघून गेली.

परतताना प्लासिडला गावातल्या आलोशियसने रस्त्यात थांबवून हात मिळवला. "चांगलं केलंस! एकट्याने किती दिवस काढणार?" प्लासिडला काही कळलं नाही. अंगणात बायका जमल्या होत्या.

"नायगावची आहे का रे?" रोझलिनने विचारलं.

"कोण?"

"नवरी."

"कुणाची?"

"तुझी की!"

प्लासिडने आत पाहिलं. पोरं कोपरापर्यंत पिठात. घरातलं प्रत्येक भांडं फुग्यांनी भरलेलं, हिल्डाच्या शिलाई मशीनचं झाकणसुद्धा. आता ओरडा बसणार म्हणून एलिसाने मान खाली घातली.

"लग्न नाही काही. पोरांनी जेवणाला केलेत."

"तू तर त्यांना गॅसला हात लावू देत नाहीस!" रोझलिन म्हणाली.

प्लासिड अडकला. हो म्हणावं तर नवरी पक्की. "कोण म्हणतं? पोरंच करतात सगळं. रोज."

"रोज? मग बुधवारी येते जेवायला."

"ये की."

बायका फुगे घेऊन गेल्या. प्लासिडने एक तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

"आत कच्चा आहे. हिल्डा आच बारीक ठेवायची."

एलिसाने गॅस बारीक केला. "डॅडी, बुधवारी काय करायचं?"

"बोंबलाचं कालवण. येतं?"

"नाही. तुम्हाला?"

"मला खाता येतं," प्लासिड म्हणाला आणि बाह्या वर करून ओट्यापाशी उभा राहिला.