वोसारीचे त्रेचाळीस मुलगे

सांतो बेटावरच्या नदीवर वोसारीच्या होडीबद्दल एकाही पाहुण्याने आजवर तक्रार लिहिली नव्हती. एकाही!

"तक्रार लिहितो तो पाहुणा," ती छातीवर हात मारून सांगायची. "लेक आईविरुद्ध लिहील का?"

युक्ती तिची स्वतःची. होडी कोरलेली, अरुंद, डाव्या अंगाला तोल सांभाळणारी लाकडी उलांडी. पाहुणा फोटोसाठी उजवीकडे कलला की गेले सगळे पाण्यात! मग वोसारी त्या ओल्या बोचक्याला काठावर ओढायची, गावच्या नाकामालच्या, म्हणजे चावडीच्या छपराखाली बसवायची, पानात भाजलेल्या गरम लापलापचा घास स्वतःच्या हाताने भरवायची आणि चारचौघांत ओरडायची, "आजपासून तू माझा लेक!" बोचकं हुंदके देऊ लागायचं. तक्रार गेली वाहून!

असे त्रेचाळीस लेक जमले. समोरच्या काठावरच्या होडीवाल्या नेसीने लगेच नक्कल केली आणि पाहुण्या बायकांना लेकी करायला लागली.

"चोरटी! माकडीण!" वोसारी नदीपलीकडे ओरडायची. गेली वीस वर्षं ती रोज सकाळी नेसीला शिव्या घालत होती. त्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

आणि एका सकाळी कॉलिन उगवला. चौदावा लेक. ऑस्ट्रेलियातला, टकला, वय एकसष्ट. म्हणजे आईपेक्षा चार वर्षांनी मोठा.

"आई!" त्याने मिठीच मारली. "मी लग्न करतोय! इथेच, गावच्या रीतीने!"

"कर की, बाळा!" वोसारी म्हणाली. दुसऱ्याच्या लग्नात तिचं काय जात होतं?

"मी सगळं वाचून आलोय. नवऱ्याच्या आईने नवरीच्या आईला डुक्कर द्यायचं. सुळेवालं."

वोसारीचं वल्हं हातातून सुटलं.

तिच्याकडे सुळेवालं डुक्कर एकच होतं. नाव मिनिस्टर. वरचे दात काढलेले, त्यामुळे खालचा सुळा बांगडीसारखा वळत गेलेला. त्याला चावता येत नाही म्हणून सात वर्षं तिने उकडलेला तारोचा कंद कुस्करून भरवला होता. एवढे लाड पोटच्या एडविनचेही केले नव्हते. मिनिस्टर ठेवला होता एडविनच्याच लग्नासाठी!

"आणि नवरीची आई कोण?" तिने दात आवळून विचारलं.

"हेदरलाही इथेच आई मिळाली ना! नेसीआई!"

त्यानंतर वोसारी जे ओरडली त्याने झाडावरची वटवाघळं भर दिवसा उडाली. ती तडक मुखिया मोल्तासपुढे जाऊन उभी राहिली. नेसी आधीच तिथे चटईवर मांडी ठोकून बसलेली!

"हा माझा कोणी नाही!" वोसारी गरजली. "टकला नारळ! पाण्यात पडला म्हणून बोलले! सगळ्यांनाच बोलते!"

"घास भरवलास?" मुखियाने विचारलं.

"भरवला! मग?"

"गावासमोर?"

"मग काय झाडामागे?"

"मग लेक झाला. नाहीतर गावासमोर सांग, वोसारीचा शब्द खोटा होता."

नेसी गालात हसली. "सांग गं बाई, सांग. त्रेचाळीस वेळा खोटा होता म्हण. मी मोजायला बसलेय."

बस्स! वोसारीच्या कानांतून वाफ निघाली. "माझा शब्द खोटा? तुझ्यासारख्या नकलाखोरापुढे? एडविन! सोड रे मिनिस्टरला!"

"आई, माझं लग्न—"

"तू गप्प बस! तुला कोण मुलगी देतंय?"

डुक्कर गेलं. लग्न झालं. कॉलिन रडला, हेदर रडली, वोसारी रागाने रडली आणि लोकांना वाटलं, केवढी माया!

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी काठावर आली. पलीकडे नेसी मिनिस्टरला अख्खा, न कुस्करलेला तारो घालत होती. वोसारीने कंबरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला—

"आई!" एडविन मागून धावत आला. "मुखियाने निरोप दिलाय. ती आता तुझी विहीण. तिचं नाव घ्यायचं नाही, वाईट बोलायचं नाही, समोर आली तर मान खाली!"

वोसारीने भरलेला श्वास फुकट सोडून दिला. डुक्कर गेलं, ते गेलं. शिव्याही गेल्या! वीस वर्षांच्या, घासूनपुसून ठेवलेल्या! ती तशीच वळली, दणदण पावलं टाकत होडीत बसली आणि दिवसाचा पहिला पाहुणा घेऊन निघाली. वळणावर तो उजवीकडे कलला. धपाक्!

"चव्वेचाळिसावा?" काठावरून एडविनने हळूच विचारलं.

वोसारीने पाहुण्याला कॉलर धरून वर काढलं. घास नाही, मिठी नाही. हातात तक्रारवही कोंबली, कोरी करकरीत.

"लिही! होडी वाईट, बाई खडूस, सगळं लिही! आणि खाली मोठ्या अक्षरांत लिही, समोरच्या काठावर एका थोर डुकराचे हाल चाललेत. कोण करतंय ते नाव तेवढं लिहू नकोस. ती... विहीण आहे माझी!"