शांत स्वभावाचा मासा

मी रागीट माणूस नाही. (बायकोला विचारू नका.) पण त्या गोबीचं नाव काढलं की आजही माझं डोकं तडकतं.

बायकोच्या काचेच्या टाकीत नऊ चिमुकले रंगीत मासे होते. तिचा जीव की प्राण! ते सगळे वरवर फिरायचे, तळ ओकाबोका. म्हणून तिच्या वाढदिवसाला मी तळाशी राहणारा मासा घ्यायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "गोबी न्या. खाडीत राहतो, नदीत राहतो, कुठेही जुळवून घेतो. स्वभाव एकदम शांत."

आनंदाच्या भरात मी घरी फोन लावला. "तुझ्या वाढदिवसाला गोबी आणतोय!"

"वाढदिवसाला कोबी?"

फोन आपटल्याचा आवाज आला.

गोबी आला आणि वाळूत पोट टेकून आमच्या हेडक्लार्कसारखा बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मासे आठ झाले. पाचव्या दिवशी सहा.

"टाकीचं झाकण तुम्हीच उघडं टाकलंत!" बायको कडाडली.

"मी? हे त्या शेजारणीच्या मांजराचं काम आहे!"

मी तरातरा जाऊन शेजारचं दार बडवलं. शेजारीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. (हे मला दार उघडल्यावर आठवलं.)

"तुमच्या मांजराने आमचे तीन मासे खाल्ले!"

"आवाज खाली. मांजर पंधरा दिवसांपासून माझ्या बहिणीकडे आहे."

"मग काय तुम्ही खाल्लेत?"

हे बोलायला नको होतं. बाई चष्मा लावून थेट आमच्या हॉलमध्ये शिरल्या, टाकीपुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "हे काय?"

गोबीच्या तोंडातून एक निळी शेपटी बाहेर डोकावत होती. आमच्यादेखत तीही आत गेली.

"नीट बघायचं, मग बोलायचं. पहिलीतल्या पोरांनाही कळतं," एवढं सुनावून बाई निघून गेल्या. मी दारापर्यंत 'सॉरी, सॉरी' करत गेलो. परत येतो तर बायको लालबुंद. वाटलं, आता गोबीचं काही खरं नाही. पण ती माझ्यावरच उसळली, "तो मुका जीव आहे. भूक लागली, खाल्लं त्याने. तुम्ही चौकशी न करता आणलात कसा?"

माझा तोल सुटला. टाकीकडे बोट दाखवून मी ओरडलो, "बस्स! आता या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी!"

बायकोने उरलेले पाच मासे वाडग्यात काढले, टाकीचं झाकण लावलं आणि शांतपणे विचारलं, "जाण्याआधी दुकानात विचारून याल का, हा दिवसातून किती वेळा खातो ते?"